होऊ का हेडबाई?

ऐकलंत का, पलीकडच्या बायच्या सुनेला प्रमोशन आलंय. आमच्या गास गावात अशी बातमी लपत नाही. रविवारी मिस्सा सुटेपर्यंत ती नाळे-वाघोलीला पोचलेली असते. मला मात्र आधी कळली, कारण आमच्या दोन वाड्यांच्या मध्ये नुसतं मेंदीचं कुंपण आहे आणि त्यात एक माणूस आडवं होऊन जाईल एवढी फट. ती बुजवायची असं दोन्ही घरचे पुरुष दर पावसाळ्याआधी ठरवतात. आम्ही बायका बुजवू देत नाही.

सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आता मुख्याध्यापकपदासाठी समुपदेशनाला बोलावलंय. म्हणजे एका हॉलमध्ये सगळ्यांना बसवायचं, रिकाम्या जागांची यादी समोर लावायची आणि सेवाज्येष्ठतेप्रमाणे एकेकाने उठून शाळा निवडायची. पुढचे नंबर स्टेशनजवळच्या शाळा उचलून मोकळे होतात. हिचा नंबर बराच खाली. 1 ऑगस्ट 2014ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा आम्ही खूश होतो, कचेरी जवळ आली म्हणून. पण कल्याण-भिवंडी यादीतून गेले आणि जव्हार-मोखाडा राहिले, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं?

हिच्या नंबरापर्यंत उरेल असं दिसतंय ती शाळा डोंगराकडची. नाव नको. पट दरवर्षी घसरतोय. हेडमास्तर नाही म्हणून एक गुरुजी कितीतरी वर्षं ‘प्रभारी’. उरलेल्यांपैकी दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. निरोप द्यायचा तर चौथीतल्या पोराच्या हाती चिठ्ठी धाडतात. हे सगळं सुनेच्या मैत्रिणीच्या जावेने सांगितलं, म्हणजे रुपयातले दहा आणे तरी खरं असणार.

“पण पगार वाढेल ना?” बायने कुंपणावरून विचारलं.

सून हसली. “कसला वाढतोय! बारा वर्षांची चटोपाध्याय कधीच लागली, आई.”

शिक्षकांच्या घरात हा शब्द दूध-साखरेसारखा वापरतात. बारा वर्षं झाली की वरिष्ठ वेतनश्रेणी मिळते, तिलाच ते चटोपाध्याय म्हणतात. ती लागलेल्या माणसाला हेड होऊन हातात फारसं पडत नाही. पडतं ते डोक्यावर. पोषण आहाराचा तांदूळ घ्या. पहिली ते पाचवीच्या पोराला दिवसाला 100 ग्रॅम, सहावी ते आठवीला 150. हजर किती, शिजवला किती, गोणीत उरला किती, हे रोज जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर विचारणार कुणाला? हेडबाईंना. शाळेची माहिती ऑनलाइन भरायची ती वेगळीच, आणि डोंगरात रेंज कुठल्या झाडाखाली येते ते आधी शोधायचं.

त्यात गंमत अशी, की 2009च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 150हून जास्त मुलं असली तरच मुख्याध्यापकाचं पद, आणि सहावी ते आठवीला 100च्या वर. म्हणजे पोरं गळाली की पदही गेलं. पडत्या पटाच्या शाळेत हेड होणं म्हणजे खचत्या बांधावर केळ लावणं. बायला हे लगेच पटलं, तिचा एक बांध गेल्या पावसात असाच गेला होता.

एवढ्यात बायचे मिस्टर चहाचा कप घेऊन आले. त्यांना कुठलाही प्रश्न द्या, ते क्रिकेटमधून सोडवतात. “रोहितला बघा! बोरिवलीचा पोरगा. 2013च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सचा कप्तान पाँटिंग बाजूला झाला, मोसम चालू, आणि याच्या गळ्यात कप्तानी. 26 मेला ईडनवर चेन्नईला 23 धावांनी हरवून कप आणला. घाबरला असता तर?”

मी म्हटलं, “आणि सचिन? पंचवीस कसोटींत कप्तान, जिंकल्या चार. त्याला काय बॅट धरता येत नव्हती?”

ते गप्प. मग मीच पुढे रेटलं, कारण असा चान्स रोज मिळत नाही. रोहितच्या हाताखाली मलिंगा, पोलार्ड, हरभजन होते, खुद्द सचिन होता. सल्ल्याला कुंबळे. कप्तान कसा आहे हे जितकं बघायचं, तितकंच त्याच्या हातात काय दिलंय तेही.

आमच्याकडे नेमकं हेच होत नाही. प्रमोशन आलेल्या बाईला जो तो विचारतो, “जमेल का गं तुला?” घरचं जमेल का, प्रवास जमेल का. तुझ्या हातात काय असणार, हे कुणी विचारत नाही. हेडबाईंना शिक्षक नेमता येत नाही, बदलता येत नाही. ते वरचं काम, गटशिक्षणाधिकारी आणि त्यांच्याही वरच्यांचं. तिच्या हाती उरतं ते वेळापत्रक, कुठला वर्ग कुणाला द्यायचा ते, आणि शाळा व्यवस्थापन समिती.

हे थोडं वाटतं, पण सून म्हणाली ते मला आवडलं. “मावशी, सगळ्यात चांगला शिक्षक पहिलीला दिला ना, की पट सावरतो. आयाबाया शाळा पहिलीवरूनच जोखतात. आणि समितीत पाऊण सभासद पालकच असतात, निम्म्या बायका. त्यांना नुसत्या सहीला बोलवायचं नाही, बसवून बोलायचं.”

म्हणजे हिच्या मनात शाळा सुरूही झाली होती. ‘होऊ का?’ हे आपलं विचारण्यापुरतं.

नाही म्हणायचं तर लेखी नकार द्यावा लागतो आणि तो सेवापुस्तकात जाऊन बसतो. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी दिला होता. पुढे त्यांच्या शाळेत जो हेडमास्तर आला, त्याच्या कागाळ्या त्या रिटायर होईपर्यंत सांगत होत्या. आपण सोडलेल्या खुर्चीतल्या माणसाचे दोष फार ठळक दिसतात बघा.

तर सुनेने काय केलं, रजा टाकली आणि समुपदेशनाआधीच विरारहून डहाणू लोकल, पुढे एसटी असं करत ती शाळा बघून आली. तिला भीती होती त्या प्रभारी गुरुजींची. इतकी वर्षं शाळा सांभाळली आणि आता वरून कुणी बाई येऊन बसणार, तर माणूस खवळेलच. गुरुजींनी खुर्ची पुसून दिली आणि म्हणाले, “बाई, लवकर या. मला आधी या तांदळाच्या हिशेबातून सोडवा.” ते न बोलणारे दोघंसुद्धा तांदळावरूनच बिनसलेले. गुरुजी रजेवर असले की वही कुणी लिहायची, एवढाच वाद.

“मग?” ती परतल्यावर कुंपणाशी मी विचारलं.

“मग काय, नंबर येईपर्यंत ती शाळा उरली, तर घेणार. पहिलं वर्ष तांदळाची वही मीच लिहीन. आणि गुरुजींना पहिली देणार. पोरं त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत होती.”

बायचा चेहरा उतरला. “आणि पहाटेचा चाफा कोण काढणार? दादरला फुलं वेळेत नको पोचायला? ही तर अंधारातच घर सोडणार.”

मिस्टर आजही चहा घेऊन उभे होते. आम्ही तिघींनी एकदम त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी कप कुंपणावर ठेवला, घसा साफ केला आणि म्हणाले, “तसं बघायला गेलं तर 2013च्या त्या फायनलमध्ये...”