आहेराचा ब्लाऊजपीस शेवटी जातो कुठं?

धाराशिव जिल्ह्यात आहेराचा ब्लाऊजपीस कुणी शिवत नाही, तो फिरतो. परंड्याच्या बारशातून निघालेला टेरिकॉटचा राणी कलरचा तुकडा भूम, कळंब, तुळजापूर करत उमरग्याला पोचतो, सीमेपलीकडं आळंदच्या एका लग्नात मान घेऊन येतो आणि दिवाळीच्या आत आपल्याच दारात हजर होतो. घडी मोडायची नाही, एवढाच या प्रवासाचा नियम. कोपऱ्यावरचा कुंकवाचा ठिपका ओळखीचा वाटतो, कारण तो आपणच लावलेला असतो. 80 सेंटिमीटरच्या त्या कापडात बाह्या धड बसणार नाहीत, हे देणारीला, घेणारीला आणि विकणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक असतं.

या फेऱ्यातून सुटायची वाट एकच. वाकळ.

कापड आमच्या भागाला नवं नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आमच्या तेरचं नाव तगर असं येतं. तिथलं साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराला जाई, अशी त्यात नोंद आहे. तेरच्या संग्रहालयात हस्तिदंताची एक बाहुली आहे. तिच्या जातकुळीची दुसरी 1938 साली थेट इटलीत, पॉम्पेईत सापडली. दोघींच्या अंगावर दागिने भरपूर, कापड बेताचंच. चांगला माल बंदराला आणि घरच्या बाईला उरलंसुरलं, ही रीत तेव्हापासूनचीच असावी. त्या उरल्यासुरल्यातून पहिली वाकळ झाली, असं माझं मत आहे. पुरावा मागू नये.

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, या विषयातल्या अधिकारी. सुगी उरकली, चैत्राचं ऊन तापलं की त्या ओसरीवर जुनं लुगडं अंथरतात, कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, पाट आणि एखादा नातू ठेवतात, वर धोतरांचे थर पसरतात आणि दाभण घेऊन कडेकडून आत धावदोरा घालत सुटतात. माप हाताचं, रेघ नजरेची.

यंदा पुण्याहून लेक आली ती कापड कापायचं गोल पात्याचं चाक, पारदर्शक पट्टी आणि शास्त्र घेऊन. आहेराच्या पीसांचे चौकोन कापायचे, नऊ चौकोनांची एक चौकट करायची आणि अशा चौकटी जोडत जायच्या. “आज्जी, आधी सगळं कापड धुऊन घ्यायचं. सुती आटतं, टेरिकॉट आटत नाही. नाहीतर पहिल्याच धुण्यात सगळं गोळा होतं.” हे आत्याबाईंना लगेच पटलं, कारण लग्न होऊन आल्यापासून मला त्या हेच सांगत होत्या.

खटका उडाला तो हिशेबावर. 4 इंचाचे 9 चौकोन, तीन-तीनच्या ओळी. आत्याबाईंनी नुसते मांडून मोजले: 12 इंच. शिवून मोजले: 11.

“एक इंच कुटं गेला गं?”

“शिलाईत, आज्जी. एका जोडाला दोन्हीकडून पाव-पाव इंच. असे दोन जोड.”

“आन् शेजारची चौकट जोडल्यावर?”

“अजून अर्धा जाईल.”

“म्हंजी बांधच की! दोघांचंबी रान जातंय, आन् पीक कुणालाच न्हाई.”

आमच्याकडं बांधाचे दावे नातवंडांपर्यंत चालतात. इथं शिवणीची कड गडद कापडाच्या अंगाला दुमडून इस्त्री फिरवली की निकाल लागतो.

मग मांडणी. लेकीनं एक गडद, एक फिका असे चौकोन लावले. दिसत होतं झकास. आत्याबाईंचा चेहरा मात्र उतरला.

“ही जांभळी कुणाची? माज्या धाकट्या जावंची. आन् तिच्या शेजारी कोण बसविलंस? तिची इहीण! त्या दोघी पुनवंला तुळजापूरला जातानाबी एका जीपात बसत न्हाईत.”

सगळे चौकोन पुन्हा उचलले. कडेच्यांचं कसंबसं जमलं. अडलं ते मधल्या चौकोनाशी, कारण त्याला चारी बाजूंनी शेजार. चौघींशी पटणारी बाई आमच्या भावकीत निघेना. शेवटी तिथं निवडणुकीआधीच्या हळदीकुंकवात एका पुढाऱ्यानं वाटलेला पीस बसवला. नात्यातला नाही, आणि तेवढ्या महिन्यापुरता सगळ्यांशी गोड.

“आज्जी, फिक्याशेजारी फिका आला. डिझाइन बिघडलं.”

“तुजं डिझाइन सोमवारी पुण्याला जाईल. मला हितंच ऱ्हायाचंय.”

त्याच दिवशी संध्याकाळी धाकटी जाऊ चहाला आली. तिनं चौकट उचलली, जांभळ्या तुकड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “बाई, ह्यो तर तुमीच मला पोरीच्या बारशात दिल्ता.” आत्याबाईंनी चहात साखर घालून ढवळली, मग आधीच साखर घातलेल्या दुसऱ्या कपातही घातली. जांभळी आपलीच म्हटल्यावर बाकीच्यांचीही खात्री उरली नाही. त्यात जावेनं उरलेला जांभळा पीस “चोळीला ठिगळ होईल” म्हणून मागून नेला, आणि शेवटच्या चौकटीला एक चौकोन कमी पडला.

माळ्यावर एका कापड दुकानाची जुनी सुती पिशवी होती, वर ठळक छापलेलं ‘उस्मानाबाद’. 2023 सालीच जिल्ह्याचं नाव धाराशिव झालेलं, मग जुनं नाव पांघरुणात नको म्हणून लेकीनं पट्टी सरकवत सरकवत कापलं. चार इंचांत ‘नाबाद’ तेवढं राहिलं.

यंदा दवाखान्यातून घरी परतलेल्या सासरेबुवांच्या छातीवर येईल अशा बेतानं आत्याबाईंनी तो चौकोन बसवला. त्यांनी चष्मा चढवला, अक्षरं लावली आणि विचारलं, “किती धावांवर?”