शिनचॅनला हवी एक मावशी

शिनचॅन नोहारा १९९२ साली पाच वर्षांचा होता, आजही तो पाचच वर्षांचा आहे. त्याला टीव्हीवर बघत वरण-भात गिळणारी रत्नागिरीतली पोरं मात्र मोठी झाली. मारुती मंदिरच्या चौकात हेल्मेट नाही म्हणून हवालदाराशी हुज्जत घालण्याइतकी मोठी. शिनचॅन अजून बालवाडीतच आहे आणि सिमला मिरची अजूनही खात नाही.

योशितो उसुई नावाच्या चित्रकाराने १९९० मध्ये या पोराला कागदावर आणलं आणि दोन वर्षांनी टीव्ही आसाहीने त्याला पडद्यावर आणलं. तो राहतो टोकियोजवळच्या कासुकाबे नावाच्या खऱ्याखुऱ्या गावात. बाप हिरोशी गर्दीच्या गाडीतून टोकियोला कामावर जातो. त्याच्या घराचं कर्ज फिटायला अजून बत्तीस वर्षं आहेत, आणि त्याच्या मोज्यांचा वास हा मालिकेतला कायमचा विनोद आहे. आई मिसाए सेल लागला की धावते, घरी आल्यावर हिशोब जुळत नाही म्हणून चिडते आणि पोराच्या डोक्यावर टेंगूळ आणते. विरारला नाहीतर डोंबिवलीला घर घेतलेल्या आमच्या चाकरमान्याला यातलं काहीएक समजावून सांगावं लागत नाही. जपानी आयांना हे कार्टं मुळीच आवडत नसे. मुलांना काय दाखवू नये, असं पालकांना विचारलं की शिनचॅनचं नाव वर्षानुवर्षं यादीत वर असायचं. आणि तरीही कासुकाबेने पुढे सबंध नोहारा कुटुंबाला मानद रहिवासी करून टाकलं. गावाला नाव मिळवून देणाऱ्या पोराच्या खोड्या गाव विसरतं.

गंमत घडली २००६ साली. त्या एकाच वर्षी हा पोरगा दोन देशांत, दोन भाषांत, दोन निराळ्या तोंडांनी बोलायला लागला.

अमेरिकेत फनिमेशन कंपनीने त्याला इंग्रजीत आणलं आणि तो लागला ‘अॅडल्ट स्विम’वर, म्हणजे पोरंबाळं झोपल्यावर मोठ्या माणसांसाठी जे दाखवतात त्यात. चित्रं जपानी तीच ठेवली, संवाद मात्र पुष्कळसे नव्याने लिहिले. त्यांत अमेरिकन राजकारण आलं, नटनट्यांच्या भानगडी आल्या, चारचौघांत सांगता येणार नाहीत असे विनोद आले. शिनचॅनचा हुशार, शिकवणीला जाणारा मित्र काझामा तिथे जॉर्जी झाला, आणि नुसतं नाव बदललं नाही, तर तो चक्क श्रीमंतांच्या पक्षाची बाजू घेणारा चिमुकला पुढारी झाला. मैत्रीण नेनेची पेनी झाली, मित्र मासाओचा मॅक्स. मी त्याचे काही भाग पाहिले आहेत. हसू येतं, नाही असं नाही. पण ते हसू लिहिणाऱ्याच्या चलाखीचं. पाच वर्षांच्या पोराला आपण काय बोललो ते कळत नाही, यातच मूळची सगळी मजा होती. अमेरिकन शिनचॅनला सगळं कळतं, आणि कळून तो बोलतो. असलं मूल मला भाचा म्हणून आठवडाभरसुद्धा चालणार नाही.

आपल्याकडे तो ‘हंगामा’ वाहिनीवर आला, हिंदी बोलत आणि भर दिवसा. नावं तीच राहिली, गाव तेच राहिलं, काड्यांनी भात खाणंही तसंच राहिलं. आकांक्षा शर्मा यांनी त्याला जो ओढलेला, आळसावलेला, किंचित नाकातला आवाज दिला, त्याने निम्मं काम केलं. संवादांनी केलं ते उरलेलं. २००८ मध्ये तक्रारी झाल्या, सरकारने डोळे वटारले, मालिका बंद पडली. पुढच्या वर्षी कात्री लावून घेऊन ती परत आली. ज्या पोरांनी ती कात्रीआधी पाहिली होती, ती वर्गात त्या बळावर भाव खाऊन गेली.

आमच्या शेजारच्या आजी या सगळ्याच्या साक्षीदार. नातू जेवताना शिनचॅन बघायचा, म्हणजे आजींनाही बघावाच लागायचा. हिंदी त्यांना भाजीवाल्यापुरती येते. तरी त्यांनी मिसाएविषयी दिलेला अभिप्राय कुठल्याही समीक्षकाने द्यावा असा होता : “बाई दिवसभर ओरडते, पण जेवायला वेळेवर वाढते हो.” नातवाने ताट सरकवून “मुझे नहीं खाना” म्हटलं की त्या त्याच सुरात, “मेल्या, तुझ्या बापसाने पण असंच केलं होतं, आणि मग गपचूप खाल्लं,” असं उत्तर देत. मराठी आणि हिंदी एकाच ताटावर भांडायच्या आणि वरण गार व्हायचं.

इथे मला थिबा राजा आठवतो. ब्रह्मदेशचा हा राजा १८८६ मध्ये इंग्रजांचा कैदी म्हणून रत्नागिरीत आला, इथेच १९१६ मध्ये गेला. त्याची नात टूटू इथे वाढली आणि इथल्यासारखी मराठी बोलू लागली. राजघराण्याचं रक्त, पण रत्नागिरीने तिला आपलंसं करून टाकलं. पूर्वी बाहेरचं माणूस इथे आलं की मराठी व्हायचं. शिनचॅन मात्र आला आणि आमचीच पोरं हिंदी झाली. बांगलादेशाला हे आमच्याआधी टोचलं. पोरं बंगाली सोडून हिंदी बोलायला लागली म्हणून त्यांनी २०१३ मध्ये डोरेमॉन या दुसऱ्या जपानी कार्टूनच्या हिंदी अवतारावर बंदीच घातली. मला बंदी वगैरे पटत नाही. पोराच्या तोंडातला घास काढून भूक भागत नाही, दुसरं काहीतरी चांगलं वाढावं लागतं.

मूळ जपानी ऐकायला मिळावं, डबिंग म्हणजे भेसळ, असं म्हणणारे शुद्धतावादी मला भेटतात. त्यांना सांगायचं एवढंच, की जपानीतही बहुतेक वेळा चित्र आधी होतं आणि आवाज मागून चढतो. शिनचॅनला जपानीत २०१८ पर्यंत आवाज दिला आकिको याजिमा या बाईंनी, हिंदीत आकांक्षा बाईंनी, इंग्रजीत लॉरा बेली बाईंनी. म्हणजे खरा शिनचॅन असा कुणी नाहीच. एक चित्र आहे आणि त्यामागे वेगवेगळ्या गावच्या बायका पोराचा आवाज काढत उभ्या आहेत.

आणि नेमकं हेच, पण उलटं, आमच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात होतं. गवळणीतली मावशी म्हणजे मिशी काढलेला एक बाप्या. राधा आणि गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि पेंद्या त्यांना आडवे येतात, कथा ठरलेली. पण मावशीच्या तोंडी काय येईल हे नमन मंडळालाही ठाऊक नसतं. मथुरेच्या वाटेवर मुंबई-गोवा महामार्गाचे खड्डे लागतात. गॅस सिलेंडरचा भाव निघतो. पुढच्या रांगेत बसलेल्या सरपंचाची टोपी उडते आणि सरपंचच सगळ्यांत मोठ्याने हसतो. फनिमेशनने जे केलं तेच हे, पण एका फरकाने : मावशी समोरच्या माणसांना ओळखून बोलते, आणि तिच्या चावटपणाला एक वेस असते, कारण दुसऱ्या दिवशी त्याच गावात तिला रेशन आणायला जायचं असतं. अमेरिकन लेखकांना कासुकाबेत तोंड दाखवायचं नव्हतं.

कोकणी गळ्यातून जपानी चित्र बोलतं का, ही शंका तर कधीच फिटली आहे. दूरदर्शनवर १९९३ मध्ये लागलेलं ‘जंगल बुक’ मुळात जपानी, आणि त्यातल्या शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा, मुरुड-जंजिऱ्याच्या माणसाचा. अख्खा देश त्या वाघाला घाबरला. मग पाच वर्षांच्या पोराचं काय एवढं? “आये, मना नको ती मिरची,” असं तो म्हणाला, आणि बापूस मोजे काढताना शेजारीण खिडकी लावून घेताना दिसली, की कासुकाबे संगमेश्वर तालुक्यात आलंच समजा.

तेव्हा मराठी वाहिन्यांच्या साहेबांना रत्नागिरीतून एक विनंती. शिनचॅनचे हक्क मिळाले, तर मुंबईच्या स्टुडिओत प्रमाण मराठीतला गुळगुळीत अनुवाद वाचून घेऊ नका. आमच्याकडच्या एखाद्या नमन मंडळातली मावशी माइकपुढे बसवा, चहा द्या, आणि संहिता तिच्या हाती शक्यतो देऊच नका.