साष्टीच्या पाद्रीबाबाची भानगड

"अहो वहिनी, इकडे या जरा भिंतीपाशी. एक भानगड सांगते, घरातून पळालेल्या माणसाची."

"आपल्या बेलवलीतल्या?"

"छे हो! इंग्लंडातल्या. साडेचारशे वर्षं होत आली. थॉमस स्टीफन्स नाव. तिथे एलिझाबेथ राणीचं राज्य, कॅथलिक असणं म्हणजे जिवाशी खेळ. ह्याचा पाउंड म्हणून एक श्रीमंत मित्र होता. दोघांनी रोमला पळायचं ठरवलेलं आणि तोवर हा त्याचा नोकर बनून वावरत होता. निघायच्या आधीच पाउंड पकडला गेला. जवळजवळ तीस वर्षं तुरुंगात!"

"अगंबाई! आणि नोकर?"

"नोकर सटकला. १५७५ साली रोमला जेझुइट पाद्र्यांच्या संघात शिरला. मग १५७९च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून जहाजात बसला तो ऑक्टोबरात गोव्याला उतरला. आपल्याला भुयारी मार्गात पाणी भरलं की पलीकडे जाणं जिवावर येतं! पोचल्यावर म्हाताऱ्या बापाला लांबलचक पत्र घातलं. वारे, मासे, खलाशांच्या सुजलेल्या हिरड्या, सगळं त्यात. परत काही गेला नाही. चाळीस वर्षं इकडेच, त्यातली बरीचशी गोव्यातल्या साष्टीत."

"पण काकू, साष्टीतली देवळं पाडली ती ह्याच लोकांनी ना? आमचं कुलदैवत तिकडचंच, म्हणून विचारते."

"ह्याच्याच लोकांनी. ते झाकायचं कशाला? १५८३मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं, ते त्याच रागातून. प्रेतं मिळवायला हा स्टीफन्सच गेला होता. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि कापून काढलं."

"मग अशा माणसाचं कौतुक कसलं?"

"ऐका तर. बाटलेल्या लोकांच्या जुन्या पोथ्या गेल्या. मग वाचायचं काय? ह्यानं पुढे एक पुराण लिहिलं, त्यातच एक ब्राह्मण त्याला विचारतो, आमची पुराणं बंद केलीत, तर त्यांच्या जागी दुसरं काही द्या. तेव्हा ह्यानं दिलं. मराठीत, ओवीत, सुमारे अकरा हजार ओव्या! ख्रिस्तपुराण. पहिल्या पुराणात जग निर्माण झालं तिथपासून, दुसऱ्यात येशूचं चरित्र. १६१६ साली रायतूरला छापलं, तेही रोमन लिपीत."

"रोमन? का म्हणून?"

"देवनागरीचे खिळेच नव्हते हो छापखान्यात. आणि गंमत बघा, साष्टीतली माणसं घरात बोलायची कोकणी, पोथी मात्र मराठीत. म्हणून ह्यानं दोन्ही धरून ठेवलं. धर्माची प्रश्नोत्तरं कोकणीत लिहिली आणि त्या भाषेचं व्याकरणही केलं. तो वारला १६१९ला. प्रश्नोत्तरं छापली १६२२ला, व्याकरण तर १६४०ला. शेजारच्या भाषेचं एवढं कोण करतं? इथे जन्म काढून पलीकडच्या इमारतीतल्यांशी आपण हिंदीत बोलतो."

"चर्चमध्ये वाचायचे का ते पुराण?"

"वाचायचे तर! पण १६८४मध्ये पोर्तुगीज सरकारनं फर्मान काढलं, तीन वर्षांत इथली भाषा सोडा, पोर्तुगीज बोला. ज्या धर्माच्या माणसानं भाषा उचलून धरली, त्याच धर्माच्या राज्यानं ती मोडायला काढली. माझं विचाराल तर देवळांचा हिशेब ह्या लोकांकडून मागायचाच, पण ओव्या टाकून द्यायच्या नाहीत. चांगल्या आहेत हो."

"छापलेली पोथी तरी आहे का कुठे?"

"१६१६ची नाही, १६४९ची नाही, १६५४चीही नाही. तिन्ही छपायांची एकही प्रत सापडलेली नाही. भाविकांनी हातानं उतरून घेतलेल्या पोथ्या राहिल्या. त्यांवरून १९०७ साली मंगळुरात जोसेफ साल्ढाणांनी पुन्हा छापलं. देवनागरीत यायला १९५६ उजाडलं, शांताराम बंडेलूंनी ते काढलं."

"एवढं सगळं तुम्हाला कुठून कळलं?"

"वाचनालयातून ते पुस्तक आणलंय ना आमच्या ह्यांनी! शनिवारी परत करायचंय, तोवर घेऊन जा. फक्त दुसऱ्या पुराणापासून सुरुवात करा, पहिल्यात अडकाल."