ठेवून गेलेलं यंत्र

भिंतीला भोक पाडणं ही आपल्याकडच्या घरात फार मोठी घटना असते. खिळ्याचं तसं नाही. तो चुकला तर उपटता येतो, नाहीतर वर कॅलेंडर टांगून झाकता येतो. भोक मात्र कायमचं. म्हणून आधी सल्लामसलत होते, पेन्सिलीची खूण होते, ती पुसली जाते, दोन बोटं डावीकडे नवी होते, आणि ‘इथून आतली वायर तर जात नाही ना?’ या प्रश्नापाशी सगळं घर थबकतं. एवढं होऊन बिट आत शिरतं, गिलाव्याची भुकटी पायावर सांडते, आणि इंचभरावर काँक्रीट लागतं. मशीन नुसतं ओरडत राहतं. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नये. 1971 साली ‘अपोलो 15’च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर बॅटरीचं ड्रिल चालवलं, तेव्हा भोक तीन मीटर खोल न्यायचं ठरलं होतं, ते निम्म्या वाटेवर अडलं. पुढे मातीचा नमुना घेतलेली नळी उपसून काढायला स्कॉट आणि त्याचा सोबती आयर्विन अशा दोघांनाही खांदे लावावे लागले. तिथे निदान खालच्या मजल्यावरून कुणी ‘दुपारची झोपायची वेळ आहे हो’ म्हणून ओरडलं नसावं.

आमच्या सासऱ्यांकडे, नानांकडे, असं एक बॅटरीवरचं ड्रिल आहे. माझ्या मेहुण्यानं ते अमेरिकेहून आणलं. त्याचं सगळं कौतुक ते बिनवायरीचं म्हणून. पण तिकडची वीज 120 व्होल्टची आणि आपली 230, त्यामुळे नवरीमागून पाठराखीण यावी तसा त्याच्या चार्जरमागून एक वजनदार ट्रान्सफॉर्मर घरात आला, आणि त्याची जाडजूड वायर. नानांनी मशीन मऊ फडक्यानं पुसलं, पिशवीत घातलं आणि कपाटात वरच्या कप्प्यात ठेवलं. तिथे त्यांचा लग्नातला शेला, मुलानं आणलेलं जाकीट आणि पाहुण्यांसाठीचे कप अशी प्रतिष्ठित मंडळी आधीपासून राहत होती. नानांचं लहानपण कोकणातलं. गणपतीआधी घरी सुतार यायचा, त्याच्याकडे भोकं पाडायचा सामता असायचा. धनुकलीची दोरी पुढेमागे व्हायची, लाकडातून बारीक भुसा उठायचा आणि फणसाच्या लाकडाचा वास ओटीभर पसरायचा, असं नाना सांगतात. काम संपलं की तो सुतार पात्यांना तेलाचं बोट लावून हत्यारं गुंडाळायचा. तेल लावून ठेवलेलं हत्यार नातवाच्याही हाताला येतं, हा धडा नाना तिथे शिकले. अमेरिकेच्या ड्रिलला त्यांनी तोच लावला.

यंदा पडद्याच्या दांडीसाठी ड्रिल खाली उतरलं, तेव्हा त्यानं हूं की चूं केलं नाही. चार्जरला लावलं तर लाल दिवा मान हलवल्यासारखा लुकलुकत राहिला. सर्व्हिस सेंटरमधल्या नम्र मुलानं मॉडेलचा नंबर पाहिला, हे आपल्याकडे विकलंच जात नाही असं सांगितलं आणि नव्या मशीनचं रंगीत पत्रक हातात ठेवलं. नानांनी ते घडी घालून खिशात ठेवलं. मागची बाजू कोरी असली की तिथे हिशेब लिहिता येतो. मग म्हणाले, “जावईबापू, तपकीर गल्लीत जाऊ या.”

2022 साली केंद्र सरकारनं ग्राहकाच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. पुण्याची तपकीर गल्ली मात्र हा हक्क कुणाला न विचारता वर्षानुवर्षं बजावत आलेली आहे. तिथे एका जिन्याखालच्या दुकानात पंखे, मिक्सर आणि गिझर आपापल्या व्यथा उघड्या टाकून बसले होते. दुकानदारानं चक हातानं फिरवून पाहिला, कान लावला. “मोटर ठणठणीत आहे, कार्बनसुद्धा झिजलेले नाहीत,” असं म्हणून त्यानं बॅटरी उघडली. आत बोटाएवढे पाच सेल ओळीनं उभे. प्रत्येकी 3.6 व्होल्ट, पाचांचे मिळून 18. खोक्यावर मात्र 20 लिहिलेलं, कारण तो आकडा नुकत्याच पूर्ण चार्ज झालेल्या घडीचा. माणसंही ओळख करून देताना आपल्या उमेदीच्या काळाचंच सांगतात. त्यानं मीटरच्या दोन सुया एकेका सेलला टेकवल्या. चार जण कसेबसे तग धरून होते, पाचवा पार तळाला गेला होता. इतका रिकामा झालेला लिथियमचा सेल पुन्हा भरणं धोक्याचं, म्हणून एकासाठी चार्जर पाचांनाही नाही म्हणत होता.

“फार वापर झाला असेल का?” नानांनी हळूच विचारलं. दुकानदार हसला. “वापरून नाही गेलं, काका. ठेवून गेलंय.” हे सेल नुसते पडून राहिले तरी आतल्या आत झिरपत रिकामे होतात, त्यात पुण्याचा मे महिना आणि लोखंडी कपाट. त्यानं पाचही बदलायचे ठरवले, कारण जुन्यांत एकच नवा घातला तर त्यांचं आपसांत जमत नाही. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनं टिचक्यासरशी बसवल्या. डाग देत बसलं तर सेल तापून बिघडतात म्हणाला. वर पथ्य सांगितलं: ठेवायचं तर अर्धवट चार्ज करून, थंड जागी, आणि महिन्यातून एकदा तरी चालवायचं. नानांनी ते पत्रकाच्या मागे लिहून घेतलं.

तेव्हापासून नाना भोकांच्या शोधात असतात. वॉचमनच्या केबिनमध्ये डब्याच्या पिशवीसाठी हूक लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना न्हाणीघरात आधाराचा दांडा बसला, आणि आता त्या कुणाला हाक न मारता उठतात. ‘भोक फुकट, स्क्रू तुमचा’ असा नानांचा दर आहे. पथ्य हळूहळू ड्रिलच्या पलीकडेही गेलं. पाहुण्यांचे कप रोजच्या चहाला आले, जाकीट घालून नाना भाजी आणायला जाऊ लागले. पुण्याच्या थंडीला ते जरा जास्तच होतं, पण घाम पुसत ते बाह्या काही वर करेनात. परवा मेहुण्याचा फोन आला. दिवाळीला येतोय, नाना, काय आणू? नानांनी क्षणभर विचार केला. “काही नको रे,” ते म्हणाले, “तू ये. आहे तेच अजून वापरून व्हायचंय.”