हिरड्या, पावलं आणि डोकं

डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी लिहून दिली, त्याला तीन आठवडे झाले. पाकीट फ्रिजवर तसंच होतं, कारण मी गोळीचा अभ्यास करत होतो.

नाव अ‍ॅम्लोडिपिन, ताकद पाच मिलिग्रॅम. एवढ्याशा जिवाची माहितीपत्रिका मोबाइलवर उघडली, तर वर सरकवून सरकवून बोट दुखलं. पावलं सुजतील, डोकं दुखेल, चेहरा लाल होईल, कानात गुणगुण होईल, झोप उडेल. पार तळाशी हिरड्यांची सूज. मी लगेच आरशात पाहिलं. डावीकडची हिरडी संशयास्पद वाटली. गोळी अजून पाकिटातच होती म्हणा!

शेवटी शनिवारी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं ठरवून स्कूटर काढली.

"अहो, हेल्मेट!"

"इथं तर जायचंय, कोपऱ्यावर."

हा कोपरा कोथरूडमध्ये होता आणि आम्ही राहतो सदाशिव पेठेत. म्हात्रे पुलावर एक बस शर्टाची बाही पुसून गेली. मी मनात हिरड्यांचाच विचार करत होतो.

डॉक्टरांनी पत्रिका न बघताच सांगितलं, "हिरड्यांचं 'फार क्वचित'मध्ये येतं. म्हणजे दहा हजारांत एकाहूनही कमी. पावलं मात्र खरंच सुजतात बऱ्याच जणांची. सुजली तर या, गोळी बदलू. पण तुमचं वरचं प्रेशर 160 आहे, ते आजच आहे." मग माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं. "हेल्मेट?"

मान दुखते, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, केस गळतात. आमच्या शहराचं हे पिढीजात पाठांतर मी म्हणून दाखवलं. ते म्हणाले, "हेल्मेटनं डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो, मृत्यूचा 42 टक्क्यांनी. अनेक अभ्यास एकत्र तपासून 2008 मध्ये काढलेले आकडे आहेत."

परतताना वाटलं, स्कूटरबरोबरही अशी पत्रिका यायला हवी होती. नेहमी आढळणारे: गुडघे खरचटणे. अधूनमधून: मनगट मोडणे. त्यापुढचं वाचून मी ती फ्रिजवरच ठेवली असती. पण शोरूमवाल्यानं पेढे दिले आणि चाकांखाली लिंबं ठेवली. पेढे खाऊन कोण घाबरतो?

आज गोळीचा बारावा दिवस. संध्याकाळी पावलं किंचित भरल्यासारखी वाटतात, ते डॉक्टरांना सांगायला उद्या जायचंय. हेल्मेट घालून. त्यानं केस गळतात हा माझा मुद्दा बायकोला मान्य आहे. फक्त माझ्या डोक्यावर आता गळण्याजोगं काही उरलेलं नाही, एवढंच तिचं म्हणणं.