भिंतीतली अनारकली

पूर्वीचा नळ भिंतीतून मान बाहेर काढून उभा असे. गळू लागला की गच्चीवरचा वॉल्व्ह बंद करायचा, पान्यानं डोकं फिरवायचं (नळाचं, आपलं नंतर फिरतं), वायसर बदलायचा. पुढे आपल्याला सौंदर्यदृष्टी आली. शॉवरचा डायव्हर्टर धडासकट भिंतीत चिणला, वर टाइल्स लावल्या आणि बाहेर ठेवली फक्त एक चकचकीत मूठ.

परवा आमची अनारकली रडू लागली. मूठ बंद, तरी शॉवर ठिबकतोच. प्लंबरनं आतलं कार्ट्रिज काढून हातात दिलं. दुकानदारानं ते पुराणवस्तूसारखं उजेडात धरलं. ‘‘मॉडेल बंद झालं, काका.’’ नव्या कार्ट्रिजचे आटे जुन्या बॉडीत बसत नाहीत. म्हणजे बॉडी बदला. म्हणजे टाइल्स फोडा. त्या निळ्या फुलांच्या टाइल्सही बंद झालेल्या, म्हणजे अख्खी भिंत नवी. भिंत नवी, तर फरशीनं काय पाप केलंय? हा शेवटचा प्रश्न प्लंबरचा नव्हे, सौभाग्यवतींचा.

भिंत फुटली तेव्हा आतला जीआय पाइप गंजून बिस्किटासारखा हातात आला. प्लंबर हळहळला, चेहऱ्यावर मात्र पोळ्यातल्या बैलाचा आनंद.

आज नववा दिवस. खांद्यावर टॉवेल टाकून मी शेजाऱ्यांकडे आंघोळीला जातो. त्यांचा नळ जुनाच आहे, बाहेर मान काढलेला. गळतो, पण खाली बादली लावलेली असते. मी त्याच बादलीतून तांब्यानं घेतो.