सिमला ऑफिस, पुणे ५

पुण्यात हवामानाचा अंदाज दोन ठिकाणी मिळतो : शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात आणि कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात. पहिल्याकडे उपग्रह, दुसऱ्याकडे आत्मविश्वास. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथं आलं, पुढं दिल्लीला गेलं. सिमल्याचं नाव तेवढं राहिलं. थंडी आणायची कुणाला सुचलीच नाही.

२०१९ची दिवाळी आठवा. मान्सूननं परतीचा रस्ता धरला तोच मुळी ९ ऑक्टोबरला. त्यात अरबी समुद्रात ‘क्यार’ वादळ उठलं. ते निघालं ओमानकडं, पण पणत्या विझल्या आमच्या! किल्ल्याचं तर विचारू नका. पोरांनी लाल मातीचे बुरूज रचले, अळीव पेरलं, मावळे पहाऱ्याला लावले. सकाळी बघावं तर तट खंदकात, सिंहासनावर दुधाच्या पिशवीचं छत्र आणि एक मावळा भाल्यासकट गटाराच्या दिशेनं मोहिमेवर. आकाशकंदिलाला पुठ्ठ्यापेक्षा प्लॅस्टिकच जास्त. यावर पेठेतलं एकमुखी निदान : ‘खात्याला काही कळत नाही.’ खात्यानं इशारा दिला होता, हा मुद्दा गौण.

डिसेंबर २०२१च्या पहिल्या दोन दिवसांत पुन्हा तेच. दिवसभर पाऊस आणि बोचरा गारठा. स्वेटरवर रेनकोट चढवून पुणेकर गरमागरम भज्यांच्या रांगेत उभे राहिले, स्टेटसला ‘महाबळेश्वर फील’ टाकलं. त्याच दोन दिवसांत जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या माळांवर मेंढपाळांच्या शेकडो मेंढ्या गारठून मेल्या.